नाशिक ते सॅन फ्रान्सिस्को : खरं अंतर किती, खरा वेळ किती?

आमच्या सोसायटीतले अण्णा तिकिटाचा कागद घेऊन आले तेव्हा भलतेच खुशीत होते. "ताई, साडेपंधरा तासांत पोचतोय की आम्ही! शनिवारी रात्री १०:१० ला मुंबई सोडायची, रविवारी दुपारी १:४० ला सॅन फ्रान्सिस्को." मी कागद पाहिला आणि म्हटलं, "अण्णा, साडेपंधरा नाही, एकोणतीस." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. शेजारी बसलेल्या काकूंना मात्र लगेच पटलं, कारण त्यांच्या गुडघ्यांना मागच्या खेपेचा प्रवास आठवत होता.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. अक्षांश-रेखांश हा मुलांना सगळ्यांत कंटाळवाणा वाटणारा धडा. पण आता गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, कुठेही जा, दर चार घरांमागे एखादं पोर कॅलिफोर्नियात नाहीतर टेक्सासात आहे, आणि आईवडील तोच धडा तिकिटाच्या रूपाने पुन्हा सोडवतायत. म्हणून हे सविस्तर लिहितेय. उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं घेतलंय, पण मेलबर्न, टोरांटो, लंडन, कुठलंही गाव घातलंत तरी रीत हीच.

आधी दोरा, मग आकडे

पहिली पायरी कागदावर नाही, पृथ्वीगोलावर. घरात नातवंडांचा गोल असेल तर तो घ्या, नसेल तर मेन रोडला पुस्तकांच्या दुकानात मिळेल. भिंतीवरचा सपाट नकाशा या कामाला उपयोगाचा नाही. त्यावर नाशिक ते सॅन फ्रान्सिस्को पट्टीने रेघ मारलीत तर ती अरबस्तान, सहाराचं वाळवंट आणि अटलांटिक पार करत जाते आणि आपल्याला वाटतं, हाच सरळ रस्ता. गोलावर शिवणाचा दोरा धरा. एक टोक नाशिकवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. ताणल्यावर तो आपोआप सगळ्यांत आखूड वाटेवर सरकतो. तो पश्चिमेला जातच नाही! तो दिल्लीकडे, तिथून हिमालय ओलांडून, पश्चिम चीन, सायबेरिया करत आर्क्टिक महासागराच्या कडेला जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो.

ही जी वाट दोऱ्याने शोधली, तिला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. पृथ्वीचे बरोबर दोन सारखे भाग करणारं वर्तुळ. गोलावरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधला सर्वांत कमी अंतराचा मार्ग या वर्तुळाचाच तुकडा असतो.

आता दोरा पट्टीवर मोजा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्याचा परीघ सव्वाचौऱ्याण्णव सेंटिमीटर. खऱ्या पृथ्वीचा परीघ साधारण ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर झाला सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा साडेएकतीस सेंटिमीटरच्या आसपास भरला की समजा साडेतेरा हजार किलोमीटरच्या जवळपास आलो. दोऱ्याच्या हिशोबात दोन-तीनशे किलोमीटर इकडेतिकडे होतात, पण वाट कुठून जाते हे जितकं यातून कळतं तितकं दुसऱ्या कशातूनही कळत नाही.

कॅल्क्युलेटरवर पक्कं अंतर

ज्यांना नेमका आकडा हवा त्यांनी मुलांचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर काढा. मोबाइल आडवा धरला की बऱ्याच फोनमध्येही तो दिसतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हवेत. मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को: ३७.६२ उत्तर, १२२.३७ पश्चिम. एक ठिकाण पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला असेल तर रेखांशांची बेरीज करायची, दोन्ही एकाच बाजूला असतील तर वजाबाकी. आपली बेरीज १९५.२४ अंश.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७१ गुणिले ०.६१०४, म्हणजे ०.१९९६.

दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करा आणि त्याला रेखांशाच्या फरकाच्या कोसाइनने गुणा: ०.९४५० गुणिले ०.७९२१ गुणिले उणे ०.९६४८, म्हणजे उणे ०.७२२२.

दोन्हींची बेरीज: उणे ०.५२२६. आता कॅल्क्युलेटरवरचं उलट कोसाइन दाबा. उत्तर येतं १२१.५ अंश. हा झाला पृथ्वीच्या मध्यातून पाहिलेला दोन विमानतळांमधला कोन. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार केलात की सुमारे १३,५१० किलोमीटर.

कॅल्क्युलेटर 'डिग्री'वर आहे ना हे आधी पाहा. तो 'रेडियन'वर राहिला तर उत्तर असं काही येतं की माणूस भूगोल सोडून देतो. आणखी एक, दक्षिण गोलार्धातलं गाव असेल, जसं मेलबर्न, तर अक्षांश उणे धरायचा. मुंबई–मेलबर्न या रीतीने सुमारे ९,८०० किलोमीटर येतं, मुंबई–लंडन ७,२१०.

हा हिशोब पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे असं धरून केलाय. खरी पृथ्वी ध्रुवांकडे जरा चपटी आहे: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७. त्यामुळे उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. तिकीट काढणाऱ्या माणसाला त्याने काही होत नाही.

आकडेमोड नको असेल त्यांच्यासाठी 'ग्रेट सर्कल मॅपर' नावाचं संकेतस्थळ आहे. विमानतळांची तीन अक्षरी नावं टाकली की अंतर आणि वक्र वाट दोन्ही दिसतात. ओझरचं, म्हणजे नाशिकच्या विमानतळाचं, नाव आयएसके, सॅन फ्रान्सिस्कोचं एसएफओ, आणि मुंबईचं अजूनही बीओएम. शहराचं नाव १९९५ साली बदललं, बॅगेवरच्या चिठ्ठीवर मात्र बॉम्बे टिकून आहे. तिथे अंतर कधीकधी सागरी मैलात दिसतं. १ सागरी मैल १.८५२ किलोमीटर.

दिल्ली आपल्या वाटेवर आहे, मुंबई नाही

हा शोध मला आकडेमोड करताना लागला आणि मी तीनदा हिशोब तपासला. ओझर ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर येतं सुमारे १३,३७० किलोमीटर. ओझर ते दिल्ली ९९० आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को १२,३८०. बेरीज करा. पुन्हा १३,३७०! फरक दोन-चार किलोमीटरचा, म्हणजे नाहीच. नाशिकहून कॅलिफोर्नियाला ताणलेला दोरा जवळपास दिल्लीच्या डोक्यावरूनच जातो.

उलट मुंबईहून अंतर ओझरपेक्षा जवळपास १४० किलोमीटर जास्त. म्हणजे आपण कसारा घाट उतरून आधी मागे जातो आणि मग पुढे निघतो. तरी बहुतेक नाशिककर मुंबईच धरतात, आणि त्यात मूर्खपणा अजिबात नाही. का, ते पुढे माझ्या फजितीत येईल.

आता मध्ये थांबा घेतला की अंतर किती वाढतं ते पाहू, कारण बहुतेक तिकिटं थांब्याचीच असतात. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०२०, एकूण १४,९५०. म्हणजे सरळ वाटेपेक्षा चौदाशे-साडेचौदाशे किलोमीटरचा वळसा. फ्रँकफर्टमार्गे ६,५७० अधिक ९,१५०, एकूण १५,७२०. सिंगापूरमार्गे ३,९२० अधिक १३,५८०, एकूण १७,५००. सिंगापूरचा वळसा चार हजार किलोमीटरचा, तरी तो मार्ग विकला जातोच, कारण पूर्वेकडे जाताना वारा पाठीवर असतो.

विमान दोऱ्यावरून का जात नाही

दोऱ्याची वाट ही किमान वाट. खरं विमान तिच्यापेक्षा जास्तच उडतं, आणि त्याची कारणं पायलटच्या लहरीत नसून जमिनीत, राजकारणात आणि हवेत आहेत.

जमिनीचं आधी. दिल्लीहून थेट उत्तरेला गेलं की तिबेटचं पठार लागतं, सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या आसपास. विमानाच्या आतला हवेचा दाब अचानक गेला तर पायलटला झपाट्याने सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावर लोंबणारे ते ऑक्सिजनचे मुखवटे थोडाच वेळ पुरतात. तिबेटवर ३,००० मीटरला आलात तर जमिनीच्या आत गेलात. म्हणून विमानं पठाराला बगल देतात.

मग राजकारण. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. २३ जून २०२५ ला कतारने काही तासांसाठी आकाश मिटलं तेव्हा दोह्याकडे निघालेली कितीतरी विमानं वाटेतून दुसरीकडे वळवावी लागली. तेव्हा मागच्या वर्षी कुणाला किती तास लागले यावर विसंबू नका. कंपनी कुठल्या देशाची, त्यावर तिची वाट ठरते. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपमध्ये विमानाचा क्रमांक टाकला की ते गेल्या काही दिवसांत प्रत्यक्ष कुठल्या वाटेने गेलं आणि किती वेळ लागला ते दिसतं. तिकीट काढण्याआधी मी हेच पाहते. तिकिटावरच्या आकड्यापेक्षा गेल्या आठवड्यातलं विमान जास्त खरं बोलतं.

आणि वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट वारे वाहतात. ताशी शंभर-दीडशे किलोमीटर तर नेहमीचे, हिवाळ्यात त्याच्या दुप्पटही. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० च्या आसपास. समोरून दीडशेचा वारा आला की जमिनीच्या हिशोबाने ते ७५० नेच पुढे सरकतं, पाठीमागून आला की १,०५० ने. म्हणूनच लंडनला जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण आपल्याच देशातलं. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केलं, ते पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं: सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जातानाची दिशाच बदलली आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, आणि वेळ मात्र जवळपास दोन तासांनी कमी झाला! चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन लवकर पोचणं. वर्गात हे सांगितलं असतं तर मुलांनी बाक वाजवले असते, पण तेव्हा मी निवृत्त झाले होते.

किलोमीटरवरून तास

ही पायरी सोपी आहे. अंतराला ८५० ने भागा आणि वर चाळीस मिनिटं धरा. ८५० यासाठी की ९०० चा वेग सगळ्या वाटेवर मिळत नाही, आणि चाळीस मिनिटं धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरणं यांची. मुंबई–दुबई १,९३० भागिले ८५०, सव्वादोन तास, अधिक चाळीस मिनिटं, म्हणजे तीन तास. वेळापत्रकात सव्वातीन दिसतात. ठीक. दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,०२० भागिले ८५०, सव्वापंधरा, अधिक चाळीस मिनिटं, म्हणजे सोळा.

तिकिटावर जो वेळ छापतात तो दारापासून दारापर्यंतचा असतो, म्हणजे विमान फाटकापासून हलल्यापासून तिकडच्या फाटकाला लागेपर्यंतचा. हवेतला वेळ त्याहून कमी. कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागाही ठेवतात, म्हणून कधीकधी अर्धा तास उशिरा निघूनही विमान वेळेवर उतरतं आणि सगळे टाळ्या वाजवतात.

घड्याळाचा घोळ

अण्णा फसले ते इथेच. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. निघण्याची मुंबईची, उतरण्याची सॅन फ्रान्सिस्कोची. दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी करायचीच नाही.

माझी रीत: सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत लिहून काढा, मग वजाबाकी. कॅलिफोर्निया हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेबारा. कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे सरकवतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर.

अण्णांचं तिकीट १० जानेवारीचं, शनिवार. निघणं रात्री १०:१०. पोचणं रविवारी ११ तारखेला दुपारी १:४०, सॅन फ्रान्सिस्कोची वेळ. त्यात साडेतेरा तास मिळवले की भारतात सोमवार, १२ जानेवारी, पहाटेचे ३:१०. शनिवारी रात्री १०:१० ते सोमवारी पहाटे ३:१०. एकोणतीस तास. यात उड्डाणाचे सव्वाएकोणीस, आणि दुबईच्या विमानतळावर पावणेदहा तास बसणं. हे पावणेदहा तास त्यांच्या लक्षातच आले नव्हते, कारण ते तिकिटावर लहान अक्षरात होते.

परतीचं ११ मार्च, बुधवार, दुपारी ४ वाजता. तोवर तिकडची घड्याळं सरकलेली असणार, म्हणून आता साडेबारा मिळवायचे: भारतात गुरुवार पहाटेचे ४:३०. मुंबईत उतरणं शुक्रवारी १३ तारखेला रात्री दीडला. एकवीस तास. कागदावर पाहिलं तर वाटतं साडेतेहेतीस. जाताना प्रवास लहान दिसतो, येताना मोठा, आणि दोन्ही दिसणं खोटं.

पॅसिफिकवरून गेलात तर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडता आणि वार बदलतो, पण हिशोबाची रीत तीच. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाच्या वाटेने बेंगळुरूला विमान आणलं. त्या ९ तारखेला निघाल्या आणि ११ ला उतरल्या, पण प्रवास सतरा-अठरा तासांचाच. तुमच्याही कागदावर असा एखादा दिवस गायब दिसला तर घाबरू नका. हॉटेल किंवा टॅक्सी आगाऊ ठरवताना मात्र तारीख दोनदा पाहा. आमच्याकडे एका जावयाने सासूबाईंना आणायला एक दिवस आधीच विमानतळ गाठला होता.

सहज सांगते, आपली भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशावरची आहे. नाशिक त्याच्या जवळपास पावणेनऊ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या पस्तीस मिनिटं मागे चालतो. एका देशात हे, तर अर्ध्या पृथ्वीवर काय होईल!

थांबा किती हवा, आणि माझी फजिती

थांबा दीड तासाचा असला की तरुण मंडळींना वाटतं वेळ वाचला. साठीच्या पुढच्यांना माझा सल्ला, तीन तासांपेक्षा कमी नको आणि सहापेक्षा जास्त नको. मोठ्या विमानतळांवर एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंत चालणं, मध्ये गाडी, पुन्हा सुरक्षा तपासणी, यात दीड तास सहज जातो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. ती आली की रांगा टळतात, पण ती यायला वेळ लागतो, म्हणून त्यासाठीही थोडी सवड हवी.

अमेरिकेत इमिग्रेशन तुम्ही ज्या पहिल्या शहरात उतरता तिथे होतं. म्हणजे न्यूयॉर्कमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जात असाल तर न्यूयॉर्कलाच रांग, तिथेच बॅगा उचलून पुन्हा द्यायच्या. अबू धाबीहून जाणाऱ्यांचं अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीलाच आटोपतं, तेव्हा तिथला थांबा जरा जास्त धरा. ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे मधल्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहा, शेजाऱ्याच्या अनुभवावर नको. मीसुद्धा शेजारीच आहे.

आता फजिती. दिल्ली आपल्या वाटेवर आहे हे कळल्यावर मी हुरळले. ओझर–दिल्ली वेगळं तिकीट, दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को वेगळं तिकीट. दोन पीएनआर. मध्ये साडेचार तास. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. दिल्लीत धुकं. ओझरहून विमान पाच तास हललंच नाही. मी दिल्लीत पोचले तेव्हा पुढचं विमान हवेत होतं. पहिल्या कंपनीचं म्हणणं, आम्ही तुम्हाला दिल्लीला पोचवलं, आमचं काम झालं. दुसरीचं म्हणणं, तुम्ही आलाच नाहीत. दोघींचंही नियमाप्रमाणे बरोबर होतं. नवीन तिकिटाचे पैसे गेले, रात्र विमानतळाजवळच्या एका महागड्या खोलीत गेली, आणि मुलगा फोनवर म्हणाला, "आई, भूगोल तुझा पक्का होता, पण पीएनआर?"

तेव्हा नियम असा: सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पहिलं विमान उशिरा झाल्यावर पुढची सोय करणं कंपनीची जबाबदारी, आणि बॅगाही बहुतेक वेळा शेवटच्या मुक्कामापर्यंत जातात. वेगळी तिकिटं असतील तर तुमचं तुम्ही. ओझरहून दिल्लीला जाण्यात मला आजही आकर्षण आहे. घरातून तासाभरात विमानतळ, घाट नाही, भिवंडी नाही. पण एक तर एकाच पीएनआरवर मिळालं पाहिजे, नाहीतर आदल्या दिवशी दिल्लीला जाऊन मुक्काम करा. डिसेंबर-जानेवारीत तर मुक्कामच. दिल्लीत देशांतर्गत विमान एका टर्मिनलला उतरून आंतरराष्ट्रीय दुसऱ्याला असू शकतं, तेही तिकिटावर पाहून ठेवा. ओझरचं वेळापत्रक हंगामागणिक बदलतं, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी ताजं पाहा.

नाशिक ते मुंबई, हाच खरा अवघड टप्पा

हवेतलं अंतर १४० किलोमीटर. रस्त्याने सहारच्या टर्मिनल दोनपर्यंत पावणेदोनशेच्या आसपास. विमानाने पंधरा मिनिटांचं काम, आणि मला एकदा याला सात तास लागलेत. १३,५०० किलोमीटरचा अंदाज अर्ध्या तासाच्या फरकाने बरोबर येतो, पण या पावणेदोनशेचा येत नाही.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तेव्हापासून इगतपुरीजवळ समृद्धीवर चढलं की कसारा घाट टळतो, जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट खाली. पण आमणे म्हणजे भिवंडी. तिथून पुढे ठाणे, घोडबंदर, पूर्व द्रुतगती मार्ग, सगळं जुनंच आहे. म्हणून वाचलेला वेळ मी शिल्लक म्हणून ठेवते, निघण्याची वेळ पुढे ढकलायला वापरत नाही.

कागदावर असं मांडा: विमान सुटण्याआधी तीन तास विमानतळावर. त्याआधी प्रवासाला चार तास. त्यावर अर्धा-पाऊण तास सवड, पावसाळ्यात दीड तास. संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात ठाणे-मुंबई ओलांडायची असेल तर आणखी तास. सिंहस्थ २०२७ जवळ येतोय, शहरातून महामार्गाला लागेपर्यंतही आता वेळ धरायला लागतो.

रेल्वेने जायचं तर पंचवटी एक्सप्रेस किंवा वंदे भारत नाशिकरोडहून, ठाण्याला उतरून पुढे टॅक्सी. एकट्या माणसाला, एका बॅगेला उत्तम. दोन माणसं आणि चार बॅगा असतील तर गाडी. मुंबई नाक्यावरून शेअर टॅक्सी मिळते, पण बॅगांचं आधी बोलून घ्या. आणि तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झालाय, त्याची तीन अक्षरं वेगळी, रस्ताही वेगळा.

अण्णांचा कागद

मग आम्ही सगळं भारतीय वेळेत लिहून काढलं. शनिवारी दुपारी दोनला घरून निघायचं. सातला विमानतळ. रात्री १०:१० ला विमान. रविवारी रात्री १:२५ ला दुबई, सकाळी ११:१० ला तिथून पुढे. सोमवारी पहाटे ३:१० ला सॅन फ्रान्सिस्को. इमिग्रेशन आणि बॅगा दीड तास, मुलाच्या घरापर्यंत गाडीने तास. पहाटेचे ५:४०. घरच्या दारापासून मुलाच्या दारापर्यंत ३९ तास ४० मिनिटं.

अण्णा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थांबा कमी असलेलं तिकीट बघू का?" पाहिलं. साडेतीन तासांच्या थांब्याचं होतं, माणशी सहा हजार जास्त. त्यांचं अजून ठरत नव्हतं, तेवढ्यात काकूंनी कागद ओढून घेतला, पाठीमागची कोरी बाजू वर केली आणि चाळीस तासांना दशम्या किती लागतील ते लिहायला बसल्या.